मी रोगट नमुना नव्हे!

मी काडेपेटीतून बोलतेय. हसू नका. आमच्यासारखे वाळके नमुने काडेपेटीच्या तळाला चिकटवूनच ठेवतात. नखाएवढ्या देहाला तेवढा बंगला ऐसपैस होतो.

लोक मला श्लेष्मबुरशी म्हणतात. श्लेष्म म्हणजे चक्क शेंबूड! आणि बुरशी तर मी नाहीच. तरुणपणी मी कुजक्या लाकडावर सरपटत हिंडले, वाटेत येतील ते जीवाणू गिळले. पाय नाहीत, मेंदू नाही, पण वाट कधी चुकले नाही. मग अंग आवरून जांभळ्या दांड्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे, बीजाणूंच्या भुकटीनं भरलेले गोळे धरून उभी राहिले.

तेव्हा बाईंनी मला जळणाच्या ढिगात हेरलं. बाई म्हणजे नमुनेघर सांभाळणाऱ्या. "अगं बाई, असा दांडा कुणाचाच नाही!" म्हणाल्या आणि मला स्वतंत्र नाव दिलं. तो ढीग पुढे चुलीत गेला. एकवीस वर्षं झाली, माझ्यासारखी दुसरी सापडली नाही.

आता नवे साहेब आले, जातींची यादी छाटायला.

"बाई, ही नेहमीचीच जात. नमुना रोगट, म्हणून वेगळा दिसतोय."

"रोगट नाही हो साहेब! मी ताजी पाहिलीय."

"मग दुसरा नमुना आणा. महिनाअखेर तुम्ही निवृत्त होताय ना? तोवर. नाहीतर नाव खोडायचं आणि पेटी कचऱ्यात."

बाई पाणी प्यायला गेल्या. मी साहेबांच्या टेबलावरच राहिले. साहेबांनी सिगारेट ओठांत धरली, फोनवर बोलता बोलता मला उचललं, खुळखुळवलं, उघडून नाकाशी नेलं. माझी जात छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाला मी काड्यांची पेटी वाटले!

आणि साहेब शिंकले. काय शिंकले म्हणता! माझी एकवीस वर्षांची भुकटी भुर्रकन उडाली ती थेट खिडकीच्या चौकटीवर. वरच्या एसीच्या गळतीनं ते लाकूड पार कुजलेलं. असं माहेर मला कुठे मिळणार?

महिनाअखेरीला साहेबांनी लाल पेन उघडलं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "जरा मागे वळता?"

चौकटीवर जांभळ्या दांड्यांची फौज उभी होती.

"हे... हे काय आहे?"

"दुसरा नमुना. घ्या, हव्या तेवढ्या पेट्या भरा."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. आता म्हणे खिडकी बदलायची आहे, सुतार सोमवारी येतोय. येऊ दे! करवत चालली की भुसा उडेल, भुशाबरोबर मीही उडेन. कुणाच्या खोलीत उतरायचं, हे मी साहेबांना विचारणार नाही.