गिलास नसलेली पाणपोई

लातूरहून फोन आला तेव्हा मी हिमायतनगरच्या दुकानात जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरत होतो. माझी बायको लुंबिनी वर्गात शिकवताना कोसळली आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेली. तार माझ्या हातात तशीच राहिली.

ती कॉलेजात सामाजिक डिझाइन शिकवायची. म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणायची, ज्यांच्यासाठी वस्तू करायची त्यांच्या घरी आधी पाणी प्यायचं, मग कागदावर रेघ मारायची. तिच्या वर्गात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू बोलणारी मुलं होती. सगळ्यांना हाच नियम.

उन्हाळ्यात तिच्या दोन विद्यार्थ्यांनी, उदगीरच्या विरूपाक्षनं आणि निलंग्याच्या बबितानं, आमच्या स्टँडवर पाणपोई उभारली. वर लुंबिनीच्या नावाची पाटी. पहिलं पाणी मी प्यायचं ठरलं. तिचं नाव गावात राहावं, एवढंच मला हवं होतं.

माय सोबत होती. पाणपोईवरचा कपडा काढला. तोटी छातीइतकी उंच, खाली नुसती मोरी. भांडं ठेवायला जागाच नाही. विरूपाक्ष लोकांना सांगत होता, कुणाचं उष्टं भांडं कुणाच्या तोंडाला लागणार नाही, सगळे ओंजळीनं पितील, सगळे सारखे.

मी वाकायला लागलो. मायनं बाही धरली.

“वाकू नको. माझी माय पाटलाच्या दारात अशीच प्यायची. ते वरून वतायचे.”

माजी सरपंच लक्ष्मणराव हसले. “चांगुणामाय, आता कोण मानतंय तसं? नळाला काय जात हाय का?”

“मग तुम्ही प्या आधी, मालक.”

लक्ष्मणराव पुढं आले. धोतर सावरलं, मोरीकडं पाहिलं आणि मागं वळून म्हणाले, “गिलास आणा रे कुणीतरी.”

कुणी हसलं नाही. आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं असावं. ते बाजूला झाले.

मी विरूपाक्षला विचारलं, “म्याडमनं याचं चित्र बघितलं होतं का?”

बबितानं नाही म्हणून मान हलवली. म्याडमनी आधी आमच्या वस्तीत, भीमनगरात, घरोघर पाणी पिऊन या म्हणून सांगितलं होतं. त्या गेल्या, परीक्षा जवळ आली, तेवढं राहून गेलं. फोटोवाला मध्येच विचारत होता, काढू का.

मी फोटो काढू दिला नाही. पान्यानं पाटी सोडवली. विरूपाक्ष म्हणाला, पाडून टाकतो. माय म्हणाली, पाडू नको, घरी चल. दोघं आले. ओसरीवर बसून स्टीलच्या गिलासानं पाणी प्याले.

तोटीला पोतं बांधलेलं आहे. पाटी दुकानात आहे. गिलास ठेवायचा ओटा बांधायचा राहिलाय, आणि त्याआधी भीमनगरातली बाकीची घरं राहिलीत.