आवाजाचा अभ्यास

प्लेग आला, गाव उठलं आणि सगळी रानात झोपड्या घालून राहिली, तेव्हापासून राहीबाईच्या जिवाला एकच घोर, लेकाच्या, गुंडाच्या अभ्यासाचा. इस्लामपूरची शाळा बंद. तात्याबा मास्तर दर गुरुवारी मॅट्रिकच्या पोरांचा धडा कागदावर लिहून शिवेवरच्या बाभळीला टांगलेल्या डब्यात ठेवून जात. राहीबाई तो कागद लिंबाच्या पाल्याच्या धुरावर धरी, मगच गुंडाच्या हाती देई. पण धडा घरात आला म्हणजे पोराच्या डोक्यात गेला, असं थोडंच असतं?

त्यात लढाईवरून नवऱ्याचं, नाथाजीचं पत्र. गुंडाचा मॅट्रिकचा फॉर्म भरला गेला नाही, तर त्याला कऱ्हाडला नेऊन भरतीत उभा कर. एक माणूस तोफेच्या तोंडी दिला तेवढा बास झाला, दुसरा द्यायची तिची मुळीच तयारी नव्हती.

राहीबाईला अक्षरओळख नाही. अभ्यास ओळखायची तिची खूण एकच, आवाज. उसात भांगलताना झोपडीतून घोकणं ऐकू आलं की तिचं खुरपं चाले, थांबलं की ती हाळी देई. गुंडाही वस्ताद. चिंचोके खेळताना, अंग धुताना, जांभया देतानासुद्धा त्याचं तोंड चालूच. कागदावरचं अथपासून इतिपर्यंत तो ओरडायचा. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, हे तर शेजारच्या म्हशीलाही पाठ झालं असेल.

फॉर्म धाडायच्या आधी पोराला पारखायला मास्तर स्वतः आले. ओढ्यापलीकडे उभं राहून त्यांनी गुंडाला एखादा काटकोन दाखवायला सांगितलं. गुंडानं घडाघडा बेरीज म्हटली. मास्तरांनी पुन्हा विचारलं. गुंडानं पुन्हा तेच, जरा मोठ्यानं. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

राहीबाईला राहवेना.

"आवं मास्तर, ह्यो काय," बांधाच्या कोपऱ्याकडं खुरपं करत ती म्हणाली. "असलं दोन कोपरं शेजारी लावलं की सरळ बांध हुतो. त्या तीन कोनांचंबी मिळून तेवढंच."

हे कुणी शिकवलं, असं मास्तरांनी विचारलं.

"ह्यानंच की. चार म्हैनं वरडतोय."

बाईंचा फॉर्म भरायचा असता तर आत्ता भरला असता, म्हणाले मास्तर. गुंडाला त्यांनी आठ दिवस दिले.

राहीबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कार्टं ओरडत होतं ते आईच्या कानासाठी, आणि ओरडायला लावलं होतं तिनंच. दुसऱ्या दिवसापासून घोकणं बंद. आवाज आला तर खुरप्याचा दांडा बसेल, असं तिनं बजावलं. आणि मग स्वतःच भांगलताना तळमळत बसली. झोपडी चिडीचूप. निजला का, पळाला का, काही कळेना.

तिसऱ्या दिवशी गुंडा कागद घेऊन बांधावर आला. तोंड एवढंसं झालेलं.

"आये, त्यो कोपरा परत एकदा दाव."

चार महिने घसा फोडला मेल्यानं, आणि विचारतोय आत्ता. तिला रागही आला आणि रडूही. खुरपं टाकून ती उठली.

गुरुवारी मास्तरांपुढं गुंडा अडखळत, काठीनं मातीत रेघा ओढत बोलला. उत्तर ओठावर आलेली राहीबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी. मास्तरांनी फॉर्मवर नाव घातलं, तेव्हा कुठं तिनं तो काढला.

"आता तुज्या बाला पत्र ल्ही," ती गुंडाला म्हणाली. "भरती न्हाई म्हनावं. आन् मुकाट्यानं ल्ही."