लाल नळ्या

रक्त गोठल्यावर वर जे पाणी सुटतं ते फिकट पिवळं असायला हवं. गगनबावड्याहून आलेल्या नळ्यांत ते लाल होतं.

डेंग्यूत शरीरातल्या पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण किती पडतो, हे मी पीएचडीसाठी मोजत होते. त्या पाण्यात रसायन घालून नळी उकळायची. गुलाबी रंग जितका गडद, तितका ताण जास्त. पण तांबड्या पेशी वाटेतच फुटल्या असतील, तरी रंग गडद येतो.

कोल्हापुरातल्या साध्या रुग्णांचं रक्त मी स्वतः आणत असे. जास्त आजारी रुग्णांचे नमुने गगनबावड्याहून येत, केरबाच्या दुधाच्या टेम्पोतून. एकदा मी टेम्पोचं मागचं दार उघडलं, तर नळ्या कॅनच्या शेजारी थेट बर्फात खुपसलेल्या. नासू नयेत म्हणून, केरबा म्हणाला. दुधाला तो तसंच जपायचा. नळ्या थेट बर्फाला टेकल्या की पेशी फुटतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

लाल नळ्या वगळून मी आलेख पुन्हा काढला. दोन गटांतला फरक नाहीसा झाला. तो कागद मी माझे मार्गदर्शक विजयसिंह सर यांच्यापुढे ठेवला, तेव्हा ते वडा खात होते. त्यांनी जुना आलेख ओढला, त्यावर तेलकट बोट ठेवलं आणि म्हणाले, “लाल हाय म्हणूनच तर ताण हाय की. प्रबंधावर सही माझी लागते, एवढं ध्यानात ठेव.”

त्या बोटाचा डाग कागदात पसरत गेला. तरीही त्याच आलेखाच्या शोधनिबंधावर मी सही केली. सरांनी तो कुठल्या औषध कंपनीला दाखवला, हे मी विचारलं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये केरबा नळ्यांशिवाय प्रयोगशाळेत आला. हातात नारिंगी औषधाची बाटली होती. त्याची बायको स्नेहल पाच दिवस डेंग्यूनं पडून होती. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं होतं, पण हे औषध ताण उतरवतं असं दुकानदारानं सांगितल्यावर दोघांनी दाखल होणं टाळलं. खोक्यातल्या पत्रकावर माझा आलेख होता. खाली सरांचं नाव आणि माझं.

“म्याडम, तुमचं नाव बघितलं आन् म्हटलं, आता काय काळजी न्हाय. सकाळी ताप बी उतरला. आणखी दोन बाटल्या मिळतील का, इचारायला आलोय.”

पोटात दुखतं का, उलट्या होतात का, मी विचारलं. दोन्ही होतं. हातपाय गार होते. ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं आणि माणूस तेव्हाच ढासळतो, एवढं मी त्याला सांगितलं. त्याच टेम्पोतून आम्ही तिला घरून उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. मागं आंबलेल्या दुधाचा वास येत होता. तिनं माझ्या ओढणीवर उलटी केली. तीही नारिंगी.

सलाईन सुरू झालं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, नाडी आता बरी लागतेय, रात्रभर लक्ष ठेवू.

केरबा बाकावर बाटली मांडीत धरून बसला होता. “मग हे औषध खोटं हाय का?”

“आलेख खोटा आहे. तुमच्या बर्फात रक्त फुटलं होतं. मला ते माहीत होतं, केरबा. तरी सही केली.”

तो शिवी देईल असं वाटलं, आणि दिली असती तर बरं झालं असतं.

“आमाला बर्फाचं एका शब्दानं सांगायचं की हो,” एवढंच म्हणून त्यानं बाटली माझ्या हातात दिली.

झाकण चिकट होतं. तिथंच, बाकावर, शोधनिबंध मागे घ्या म्हणून मी फोनवर तो छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. लाल नळ्यांचा फोटो जोडला. प्रतीसाठी सरांचा पत्ता टाकला, म्हणजे पीएचडीचं काय होणार ते ठरलंच. शेवटी माझं नाव लिहिलं, इरावती. पडद्यावर बोटं चिकटत होती. लिहून होईपर्यंत मी ती पुसली नाहीत.