पाटनच्या पोत्यातली बाटली

सरकार थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या परत घेऊन पैसे देण्याचा विचार करून राहिलं आहे, ही बातमी मुरलीधररावांनी वाचली आणि घमापुरच्या त्यांच्या घरात बाटल्या साचू लागल्या. कारखान्यातून निवृत्त झालेल्या त्या माणसाला रिकामं बसवत नव्हतं.

"बाबा, अजून नुसता विचारच चालू आहे ना?" सून विनीता म्हणाली.

"झालं नक्की, तर आपल्याकडे माल तयार राहील."

पाटनला एका लग्नाला गेले, तर येताना तिथल्या भंगारवाल्याकडून पोतंभर घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विनीता गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आली. चार वर्षांची अवंती बाहुली घेऊन त्या पोत्याशी बसली होती. हातात संत्र्याच्या पेयाची बाटली, झाकण उघडं, फ्रॉकचा गळा ओला. जवळ जाताच उग्र वास आला. शेतात फवारायचं औषध.

"अवंती, तू प्यायलीस का हे?"

आईचा चेहरा पाहून पोरगी रडायलाच लागली. काही सांगेना. विनीताने तिचं हात-तोंड धुतलं, फ्रॉक काढून फेकला. मुरलीधररावांनी बाटली पिशवीत बांधून घेतली आणि रस्त्यावर धावत जाऊन ऑटो थांबवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कितना पिया है?"

मुरलीधररावांनी पिशवीतली बाटली पुढे केली.

"लार टपके, पसीना आए, तो तुरंत बताइए. अभी कुछ कह नहीं सकते."

अवंती झोपली. विनीताला त्या झोपेचीच भीती वाटत होती. तिच्या नाकाखाली बोट धरून ती बसून राहिली. एकदा कपाळ ओलसर लागलं, तेव्हा तिने ओरडूनच नर्सला बोलावलं. नर्सने पाहिलं, पांघरूण बाजूला केलं. उकडत होतं, एवढंच.

मुरलीधरराव दारातच उभे होते. "काहून आणलं मी ते पोतं," ते पुटपुटले. विनीताने तिकडे पाहिलं नाही. तोंड उघडलं असतं तर तिला थांबता आलं नसतं.

संध्याकाळी अवंती उठली, पोळी मागितली. "त्या बाटलीतून बाहुलीला आंघोळ घातली," ती म्हणाली, "पाणी घाण होतं."

डॉक्टरांनी सकाळपर्यंत ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. मुरलीधररावांनी सगळी पोती कचरागाडीत दिली, ती बाटली वेगळी दाखवून.

विनीता आता शाळेची पाण्याची बाटली स्वतः भरते. तरी अवंतीच्या हातात देण्याआधी एकदा हुंगून बघते.