बाकडेबाईंची फळी

मित्रांनो, हॉकीच्या मैदानावर गोल झाला की 'ठप्प' असा एक भरीव आवाज येतो. पंचांची शिट्टी त्यानंतर वाजते आणि टाळ्या त्याच्याही नंतर. तो पहिला आवाज माझा. गोलाच्या खांबांमागे, जाळीच्या तळाशी, जमिनीला टेकून जी आडवी फळी असते ना, ती मी. आता मी जुनी झाले आहे आणि गोलात राहत नाही. कुठे राहते, ते ओघाने सांगेनच.

मला एका सुताराने घडवलं. उंचीला गुडघ्याइतकी, लांबीला दोन माणसं आडवी झोपतील एवढी. त्याने रंधा मारून मला गुळगुळीत केलं, कडा घासल्या आणि आतल्या बाजूने गडद रंग दिला, पांढरा चेंडू लांबूनही दिसावा म्हणून. शेवटी बोटाच्या पेराने टकटक करून त्याने कान लावला. "वाळलीय चांगली. छान वाजेल," तो म्हणाला. ओलं लाकूड वाजत नाही, चेंडूचा धक्का आतल्या आत जिरवून टाकतं. माझं सगळं आयुष्य त्या वाळलेपणावर उभं होतं, हे मला फार पुढे कळलं.

माझ्या पाठीमागे सिमेंटच्या पायऱ्या होत्या आणि त्यांच्यावर उतरतं पत्र्याचं छप्पर. गावातल्या मुलींच्या संघाचे पक्के पाठीराखे तिथे बसत. शिंपीकाका बसत, बेकरीवाल्या मावशी बसत, आणि सगळ्यांचा म्होरक्या होता भोंगा. भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो कारखान्यात पत्रा ठोकायच्या खात्यात होता. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही, म्हणून त्याला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. "हा घरात मीठ मागतो आणि माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकतं," असं मावशी म्हणत. सामन्याला येताना तो तेलाचं रिकामं पिंप खांद्यावर घेऊन येई आणि दोन दांडक्यांनी ते बडवी. बाकीचे त्या तालावर पाय आपटत.

त्याच्या या उत्साहाला कारण होतं. संघाची गोलरक्षक त्याची मुलगी होती. त्याने लाडाने ठेवलेलं तिचं नाव चिमणी. पॅड बांधून, हेल्मेट चढवून ती गोलात उभी राहिली की चिमणी कसली, चांगलं दोन दारांचं कपाट दिसायची. पण तिच्या पायांत वीज होती. मी तिच्या मागेच असल्यामुळे मला ते सगळ्यांत जवळून दिसे.

मग एका मोसमात नव्या प्रशिक्षक बाई आल्या. खेळायच्या वयात त्या एका मोठ्या संघात राखीव गोलरक्षक होत्या. संघाबरोबर गावोगाव फिरायच्या, बाकावर बसायच्या आणि परत यायच्या. ही बातमी पायऱ्यांवर पोचायला वेळ लागला नाही.

"म्हणजे पोरींना बाकड्यावर कसं बसायचं ते शिकवणार!" शिंपीकाका म्हणाले.

"पाठ ताठ, हात मांडीवर," मावशींनी जोड दिली.

त्या दिवसापासून बाईंचं नाव पडलं बाकडेबाई. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं तरी नाही.

मला मात्र बाई पहिल्या दिवसापासून आवडल्या. सरावानंतर त्या फडकं घेऊन मला पुसत. मैदानावर पाणी मारलेलं असे, चेंडूबरोबर ते माझ्यावर उडे. तोवर कुणाच्या मनातही ते पुसायचं आलं नव्हतं. "फळी ओली ठेवली की खालून कुजते," त्या मुलींना सांगत, आणि मग आळीपाळीने एकेकीला ते काम देत. कधी त्या गोलात येऊन मला पाठ टेकून खाली बसत आणि डोळे मिटून नुसत्या ऐकत राहत. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडे, "बाई, झोप लागली की सांगा, पांघरूण टाकतो!"

संघ हरू लागला. गंमत अशी की परगावी तो बरा खेळे आणि आपल्याच मैदानावर गोल खाई. तेही बहुतेक पेनल्टी कॉर्नरवर. कॉर्नरच्या वेळी बचावाला गोलरक्षक धरून पाचच जणी असतात. चेंडू गोलाशेजारच्या रेषेवरून बाहेर ढकलला जातो, तिथून जोरात फटका येतो. कुणी पुढे धावायचं, कुणी खांब धरायचा, उडालेला चेंडू कुणी घ्यायचा, हे गोलरक्षक ओरडून सांगते, कारण सगळं तिलाच दिसत असतं. आमच्या मैदानावर दोघी एकाच चेंडूवर धावत आणि दुसरी बाजू मोकळी पडे. ठप्प. ठप्प. पायऱ्यांनी सगळं खापर बाईंवर फोडलं. क्लबच्या समितीनेही सांगून टाकलं की संघ खालच्या गटात घसरला तर बाईंनी सामान आवरावं.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर चिमणी हेल्मेट काढून माझ्याशेजारी बसली.

"बाई, माझ्या जागी दुसरी घ्या. मला नाही जमत. आपल्याच मैदानावर माझे हातपाय बांधल्यासारखे होतात. सोडते मी."

"कॉर्नरला ओरडतेस ना?"

"घसा बसेपर्यंत."

"मग या पोरी ऐकत का नाहीत?"

"तेच तर! मला वाटतं, त्यांचा माझ्यावर विश्वासच नाही."

बाईंनी मान वळवून माझ्या वरून पायऱ्यांकडे पाहिलं आणि मग छपराकडे. मला तर ते कधीपासून ठाऊक होतं. पिंप वाजलं की आवाज पत्र्यावर आपटायचा आणि पत्रा उतरता असल्यामुळे सरळ गोलात येऊन पडायचा. मी खालपासून वरपर्यंत थरथरायचे. माझ्यापासून हातभर अंतरावर चिमणी ओरडायची आणि ते ओरडणं त्या गडगडाटात विरघळून जायचं. पण फळीला तोंड कुठे असतं?

पुढच्या सामन्याआधी बाई पायऱ्यांशी गेल्या. "दादा, एक विनंती आहे. आपल्यावर कॉर्नर असला की तेवढ्यापुरतं गप्प बसाल का? पोरींना एकमेकींचं ऐकू येत नाही."

भोंग्याचा चेहरा लाल झाला. "माझी पोरगी गोलात उभी आहे आणि मी गप्प बसू? तिला बळ कोण देणार? तुम्ही?"

"हरायला लागलं की कारणं सुचतात बरोबर," शिंपीकाका म्हणाले.

आणि त्यांनी ठरवलं की गप्पच बसायचं. नुसत्या कॉर्नरला नाही, अख्खा सामना! बाईंचा निषेध म्हणून. "बघू दे आमच्याशिवाय कसं होतं ते." त्या दिवशी पिंप पालथं घातलेलं होतं, दांडकी त्यावर आडवी ठेवलेली होती आणि सगळी मंडळी हाताची घडी घालून, तोंडं फुगवून बसली होती. रुसलेल्या पाहुण्यांसारखी.

त्या शांततेत समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. चिमणी ओरडली, "डावीकडे मी! खांब धर!" प्रत्येक शब्द लख्ख ऐकू आला. चेंडू तिच्या पॅडवर आपटला, उडाला आणि एकीने तो बाहेर काढला. पुन्हा कॉर्नर, पुन्हा तेच. माझ्यावर त्या दिवशी एकही चेंडू आला नाही. आपला संघ जिंकला.

पायऱ्यांवर विचित्र अवस्था होती. आनंद तर झालेला, पण टाळी कशी वाजवायची?

"म्हणजे इतके दिवस आपणच..." मावशींनी वाक्य अर्धंच सोडलं.

"योगायोग आहे," भोंगा म्हणाला. पण नेहमीपेक्षा बराच हळू.

दुसरी एखादी असती तर तिने हिणवलं असतं. बाईंनी पुढच्या सरावाला भोंग्याला हाक मारली. "दादा, जरा गोलात येऊन उभे राहता? इथे, या फळीसमोर. चिमणी सांगेल तिकडे धावायचं, एवढंच." मग त्यांनी शिंपीकाकांना पिंप वाजवायला सांगितलं आणि बाकीच्यांना पाय आपटायला.

पत्रा गडगडू लागला. भोंगा खांबाशी वाकून उभा राहिला. हेल्मेट न घातलेली चिमणी त्याच्यासमोर, चार हातांवर. तिचं तोंड उघडलं, मानेची शीर फुगली. तो तिच्याकडे बघत राहिला. तिचं तोंड पुन्हा उघडलं. तो उजवीकडे झुकला, मग डावीकडे, मग थांबला. बाईंनी हात वर केला तसं पिंप थांबलं.

"काय म्हणाली ती?" बाईंनी विचारलं.

भोंग्याने नकारार्थी मान हलवली. मग मुलीला म्हणाला, "इतकी ओरडत होतीस?"

"रोज, बाबा."

तो माझ्यावरच बसला, मटकन. बराच वेळ हातातल्या टोपीची कड दुमडत राहिला. बाई त्याच्याशेजारी टेकल्या. "दादा, मला तुम्ही मुके नकोत. शेवटी शेवटी पोरींचे पाय गळतात ना, तेव्हा त्या तुमच्या पिंपावरच धावतात. तेव्हा छप्पर उडवा माझं. फक्त कॉर्नरला तिचं तिला बोलू द्या."

मोसमाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. जिंकलो तर वरच्या गटात राहणार, नाहीतर संघ खाली आणि बाई घरी. पायऱ्या खचाखच भरल्या होत्या आणि आवाज असा की मला माझे खिळे सैल होतायत असं वाटत होतं. एका गोलाने आपण पुढे होतो. आणि सामना संपता संपता पंचांनी समोरच्यांना कॉर्नर दिला.

सवय वाईट असते, मित्रांनो. भोंग्याची दांडकी हवेत गेलीच होती. मग त्याने ती टाकली आणि पिंप चुकूनही वाजू नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला. शिंपीकाकांनी शेजारच्याच्या तोंडावर हात ठेवला. पायऱ्या एकदम अशा शांत झाल्या की झेंड्याची दोरी काठीवर आपटताना ऐकू येत होती.

"पहिली बाहेर! खांब धर! उडाला तर उजवी घेईल!" चिमणीचा आवाज स्वच्छ आला. फटका आला. तिच्या पॅडवर आदळून चेंडू उजवीकडे उडाला. "उजवी!" आणि उजवीकडची मुलगी आधीच तिथे होती. मी ठप्प वाजायला अंग घट्ट धरून बसले होते. चेंडू आलाच नाही. मला न वाजल्याचा इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

मग शिट्टी झाली आणि मग काय विचारता! छपराचे दोन पत्रे खरंच निखळले.

गर्दी ओसरल्यावर ही मंडळी घुटमळत राहिली. आभार मानायचे होते, पण सुरुवात कोण करणार? शेवटी शिंपीकाका म्हणाले, "बाई, ते बाकडेबाई आम्ही आपलं..."

"राहू द्या की. आता सवय झालीय मला," बाई म्हणाल्या. "थांबा हं, फळी पुसायची राहिलीय."

भोंग्याने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं. पाठीराख्यांचे आभार असे माझ्यावरून फिरले. ते मी अजून विसरलेले नाही.

बाई पुढे बरीच वर्षं राहिल्या. आमचं मैदान एका गोष्टीसाठी ओळखलं जाऊ लागलं. आपल्यावर कॉर्नर असला की इथे सगळे गप्प होतात. परगावचे खेळाडू बावरून जात.

मग लोखंडी गोल आले आणि मला काढून सामानाच्या खोलीमागे टाकलं. तिथे मला पुसणारं कुणी नव्हतं. पावसाचं पाणी साचे. खालची कड मऊ पडली, मुंग्यांनी घर केलं. आपलं वाजणं संपलं, असं मी समजून चालले होते.

बाई निवृत्त होणार हे कळल्यावर भोंगा मला शोधत आला. आता त्याच्या दाढीत काळा केस उरला नव्हता आणि कारखान्याने कानही मंद केले होते. बरोबर चिमणी होती. तीच आता गोलरक्षकांना शिकवते. त्यांनी माझी कुजलेली कड कापली, मला उन्हात वाळवलं, चार पाय लावले आणि पहिल्या पायरीवर, अगदी गोलाच्या पाठीशी नेऊन ठेवलं. मी बाकडं झाले.

निरोपाच्या सामन्याला बाई आल्या तेव्हा सगळ्या पायऱ्या उभ्या राहिल्या. भोंगा काहीतरी म्हणाला.

"काय म्हणालात, दादा? ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या.

आणि पायऱ्यांवर जी हसाहशी झाली म्हणता! भोंग्याला हळू बोलताना कुणी पाहिलंच नव्हतं. त्याने घसा खाकरून पुन्हा सांगितलं, "म्हटलं, आजवर संघासाठी बाकड्यावर बसलात. आता आमच्यात बसा."

बाई बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

बाई अजूनही प्रत्येक सामन्याला येतात. मित्रांनो, तुम्हीही या. माझ्यावर बसा, पाय आपटा, घसा फाटेपर्यंत ओरडा. उठताना मात्र ओली जागा तेवढी पुसा. आणि आपल्यावर कॉर्नर झाला की थोडं थांबा. बाई तेव्हा माझ्यावर हात सपाट टेकवतात आणि डोळे मिटतात. गोलात एक मुलगी ओरडून काहीतरी सांगत असते. तिचं आधी ऐकून घ्या.