पैनगंगेच्या बेटावरची कढई

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून जो मोठा लोखंडी थाळा पडला आहे, त्याच्यावर तुम्ही रोज दगड मारता. तो घणघणला की तुम्ही हसता. तो थाळा म्हणजे मी, गुऱ्हाळावरची एक जुनी कढई. घरातल्या चुलीवरच्या कढईएवढी मला समजू नका. माझ्यात चार माणसे पाय पसरून निजू शकतील. आज माझ्या बुडात कालच्या पावसाचे पाणी साचले आहे, त्यात लिंबाची पाने कुजत आहेत, आणि कुणीतरी ऐकावे असे मला फार दिवसांनी वाटते आहे.

मेहकरच्या एका लोहाराने मला घडवले. आपले नवे महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. त्याने पत्रे एकमेकांवर चढवले, तापलेल्या खिळ्यांनी ते शिवले, मग मला पाण्याने काठोकाठ भरले आणि स्वतः माझ्याखाली वाकून बसला. एकही थेंब गळला नाही, तेव्हा तो म्हणाला, "पोरगी चांगली निंघाली." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

जानेफळच्या अलीकडे पैनगंगा एके ठिकाणी दुभंगते आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा एक होते. त्या दोन धारांच्या मिठीत एक बेट होते. बेटावर दहा-बारा घरे, उसाचे मळे, एक मोठी चिंच. मला तिथे बैलगाडीतून आणले. थंडीत माझ्याखाली चुलवण पेटे, रस उकळे, त्याचा फेस सोनेरी होई आणि सगळे बेट गुळाच्या वासाने जड होऊन जाई. पावसाळ्यात मात्र नदी चढली की तीच माणसे मला उचलून पाण्यात सोडत. बेटाला नाव नव्हती. नाव मीच होते. वर्षाचा अर्धा भाग मी आगीची असे आणि उरलेला पाण्याची.

पाण्यात मला कसे चालवत, ते सांगायला हवे. मला वल्हे नाही. कमरेला वाळलेले भोपळे बांधून चौघे पोहणारे माझ्या चारी अंगांना लागत, एका हाताने काठ धरत आणि पायांनी पाणी तोडत मला लोटत. त्यांची डोकी पाण्याच्या पातळीवर असत. पुढे भोवरा आहे की वाहून आलेले लाकूड, हे त्यांना दिसत नसे. म्हणून बेटाच्या टोकाला, उंच काळ्या खडकावर, एक माणूस उभा राही. तो पाणी पाही आणि हाका देई. त्याला हाकाऱ्या म्हणत. बेटाचा हाकाऱ्या रंगराव होता. त्याचा आवाज असा, की ऐलतीरावर निघाला तर पैलतीरावरची गुरे मान वर करत.

या रंगरावाचा भाचा इंद्रभान एका उन्हाळ्यात बेटावर आला. तो पुण्याला कॉलेजात शिकत होता. तिथे एका वक्तृत्व स्पर्धेत, भाषण रंगात आले असताना, त्याच्या तोंडून 'आभाळा'ऐवजी घरचे वऱ्हाडी 'आभाय' निसटले. सभागृह हसले. ते हसू थांबण्याची वाट पाहत तो उभा राहिला, आणि थांबले तेव्हा त्याला पुढचे एकही वाक्य आठवेना. तो खाली उतरला तो थेट गाडीतच बसला. हे सारे त्याने फक्त मामीला, अन्नपूर्णाबाईला सांगितले. ती तेव्हा मला राखेने घासत होती, म्हणून मलाही कळले.

कॉलेज उघडले तरी तो परत गेला नाही, आणि बेटावर कुणाशी फारसे बोलतही नसे. बोलला तर हळू आणि अगदी छापील बोले, जणू प्रत्येक शब्द आधी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला आहे. पुंजाजी नावाचा एक थट्टेखोर पोहणारा होता. त्याने इंद्रभानचे नाव रेडिओ ठेवले.

"काय बे रेडिओ, आज बातम्या नाईत काय?" तो विचारी.

"आज माझी प्रकृती ठीक नाही," इंद्रभान म्हणे.

"पाय बाप्पा! प्रकृती! आमाले तं नुसता ताप येते."

सगळे हसत. त्या हसण्यात विष नव्हते, पण इंद्रभानला आता सगळी हसणी सारखीच ऐकू येत. तो चिंचेखाली जाऊन बसे. त्याला पोहता येत नव्हते, आणि नदीकाठी जाणे तो टाळी. मामाच्या हाका त्याच्या कानांवर दुरूनच पडत.

पोळा होऊन गेला होता; बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा होता. वरच्या अंगाला कुठेतरी आभाळ फाटले आणि नदी गढूळ होऊन चढू लागली. त्याच दिवशी रंगरावाच्या पोटात कळ उठली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचे पोट फळीसारखे टणक झाले. ओवा झाला, शेक झाला. शेवटी दयाराम, जो पोहणाऱ्यांचा म्होरक्या होता, त्याने पोटाला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"याले मेहकरच्या दवाखान्यात नेल्याबिगर भागत नाई," तो म्हणाला. "आजच. पानी उद्या याच्याहून जास्त राहीन."

माझ्यात कडबा अंथरला. त्यावर गोधडी आणि गोधडीवर रंगराव. पाणी उपसायला आणि त्याला धरून ठेवायला अन्नपूर्णाबाई हातात लोटा घेऊन बसली. दयाराम, पुंजाजी आणि आणखी दोघे भाऊ भोपळे बांधून उभे राहिले. पैलतीरावर कुणाची तरी बैलगाडी येऊन थांबली होती. आणि तेव्हा, मला ढकलण्यासाठी हात लागलेले असताना, सगळ्यांच्या एकदम ध्यानात आले की खडकावर कुणी नाही. बेटाचा हाकाऱ्या माझ्या पोटात पडून कण्हत होता.

पोहू शकणारे चौघेच होते. म्हाताऱ्या कडूबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. बाकीचे गडी पाणी चढण्याआधी बाजाराला गेलेले, ते तिकडेच अडकलेले. उरला इंद्रभान.

"माझ्याने होणार नाही," तो म्हणाला. तो एक पाऊल मागे सरला.

अन्नपूर्णाबाईने त्याच्याकडे पाहिले. ती रडत नव्हती. "भाऊ, तुले पोहता येत नाई, म्हून तुले पान्यात कोनी घालून नाई राह्यलं," ती म्हणाली. "डोये हायेत ना? मंग उभा राह्य तिथी."

तो खडकावर चढला. आम्ही पाण्यात शिरलो.

मित्रांनो, पुराचे पाणी काठावरून जसे दिसते तसे आतून नसते. वरून ते पुढे वाहते. आत ते खेचते, वळते, कुजबुजते. माझ्या बुडाला खालची वाळू सरकताना कळत होती. थोडे अंतर बरे गेले. मग मधल्या बुडीत खडकापाशी भोवरा फिरू लागला. पोहणाऱ्यांना तो दिसत नव्हता. इंद्रभानला दिसला.

"उजवीकडे वळा!" तो ओरडला. आवाज स्वच्छ होता, शब्द शुद्ध होते. "उजवीकडे!"

आणि चौघांनी आपापल्या उजवीकडे जोर लावला.

मी गोल आहे. मला नाक नाही, पाठ नाही, पुढचे-मागचे नाही. माझ्या काठाला लागलेला प्रत्येक माणूस माझ्याकडे तोंड करून असतो, म्हणून एकाची उजवी बाजू ती समोरच्याची डावी. चौघांचा जोर एकाच फेऱ्यात गेला आणि मी जात्यासारखी गरगर फिरले. आकाश फिरले, चिंच फिरली, रंगराव एका अंगावरून दुसऱ्या अंगावर लोळला आणि किंचाळला. काठावरून पाण्याची लाट आत आली. अन्नपूर्णाबाईचा लोटा हातातून सुटला. ती ओंजळींनी पाणी उपसू लागली.

"कोनाची उजवी, बे रेडिओ?" तोंडातले पाणी थुंकत पुंजाजी ओरडला. "माही का दयारामची?"

"उजवीकडे म्हणजे... नदीच्या..." खडकावरून आवाज आला आणि तुटला.

मग काहीच आले नाही. भोवरा मला हळूहळू आपल्याकडे ओढत होता, आणि खडकावर तो मुलगा तोंड उघडे ठेवून उभा होता. मला दर फेऱ्याला तो दिसे आणि नाहीसा होई. पुण्याच्या त्या सभागृहात तो असाच उभा राहिला असेल. तिथे गप्प बसून त्याचे फक्त भाषण गेले होते. इथे त्याच्या गप्प बसण्यात सहा जीव होते.

त्या क्षणी त्याच्या मनात काय झाले ते मी सांगू शकत नाही. मी लोखंडाची आहे. मला इतकेच ठाऊक आहे की पुढच्या फेऱ्यात तो दिसला तेव्हा तो आमच्याकडे पाहत नव्हता. तो पैलतीराकडे पाहत होता. तिथे वरच्या अंगाला पाण्यावर वाकलेली एक बाभूळ होती आणि खालच्या अंगाला मारुतीचा पांढरा ओटा. माणसे फिरत होती, कढई फिरत होती. बाभूळ मात्र जागची हलली नव्हती.

"बाभयीकडे!" तो गर्जला. "दयारामभाऊ, समदे बाभयीकडे लोटा! बाभयीकडे!"

चौघांचे पाय एका दिशेने लागले. माझे फिरणे मंदावले, थांबले. मी तिरकी, नदीच्या छातीवर चढत, भोवऱ्याच्या वरून निघाले.

"आता वट्ट्याकडे! जरासक वट्ट्याकडे! हाव, असंच! जोर कमी नका करू, बे!"

रंगराव दर वेळी असेच हाकारत असे, झाडाचे आणि दगडाचे नाव घेऊन. पण हा त्याचा सूर नव्हता. रंगरावाची हाक लांब, संथ असे. ही खरखरीत होती, मध्येच फाटत होती, आणि तरी पाण्याच्या आवाजावरून पलीकडे जात होती.

रंगरावाने डोळे उघडले. "कोन हाकारून राह्यलं?" त्याने क्षीणपणे विचारले.

"तुमचा भाचा."

"इंद्रभान?" तो वेदनेतही चकित झाला. "त्याले आवाज हाय?"

पैलतीर आता हाताशी आला होता. गाडीवानाने दोर फेकायला हात उचलला होता. आणि नेमकी तेव्हाच खडकावरून हाक आली: "चिंचीकडे! मांगं! चिंचीकडे या!"

चिंच बेटावर होती. मागे. तीर चार हातांवर असताना मागे फिरायचे! चौघांचे पाय थांबले.

"येडा झाला काय, बे?" पुंजाजी धापा टाकत म्हणाला. "लागलो ना काठाले!"

"मामाची आन हाय तुमाले! मांगं या!"

मी दयारामचा हात माझ्या काठावर जाणत होते. ती बोटे दमली होती. त्यांत फारसा जोर उरला नव्हता. एक श्वासभर तो तसाच राहिला. ज्याला पोहता येत नाही, जो काल-परवापर्यंत मान वर करून बोलत नव्हता, त्याच्या शब्दावर हाताशी आलेला तीर सोडायचा का, हे त्याला त्या एका श्वासात ठरवायचे होते.

"चिंचीकडे," दयाराम म्हणाला. "लोटा."

आम्ही मागे सरलो. आणि आमच्या व काठाच्या मधून, गाडीवानाचे आणि आमचे डोळे विस्फारलेले असताना, मुळांसकट उपटलेले एक अख्खे झाड गेले. पाण्याच्या जेमतेम खालून येत होते, म्हणून कुणाला दिसले नव्हते. उंचावरून तेवढी त्याची काळी सावली दिसत होती. त्याचे एक मूळ माझ्या अंगावरून खरवडत गेले. तो ओरखडा अजून आहे. तुम्ही त्याच्यावर खडूने नावे लिहिता.

मग दोर आला. रंगरावाला गाडीत ठेवले. गाडी मेहकरच्या वाटेला लागल्यावर पुंजाजी चिखलात उताणा पडला आणि पलीकडच्या खडकाकडे पाहून ओरडला, "रेडिओ! बातम्या समजल्या, बे!"

खडकावर इंद्रभान गुडघ्यांत डोके घालून बसला होता. तो रडत होता की हसत होता, ते इतक्या दुरून कळले नाही.

रंगराव वाचला. दिवाळीच्या सुमारास तो परत आला, वाळून अर्धा झालेला, पण आला. तोवर खडकावर इंद्रभानच उभा राहत होता. पाणी उतरल्यावर तो पुण्याला गेला. तिथे तो कसा बोलला, कुणी हसले का, हे मला माहीत नाही; माझी माहिती पाण्यापुरती आहे. पुढे तो धाडच्या शाळेत मास्तर झाला, एवढे मात्र अन्नपूर्णाबाईच्या तोंडून ऐकले. सुटीत बेटावर आला की तो सगळ्यांशी भांडे, थट्टा करी आणि मोठ्याने बोले. त्याची हाक ऐकून एकदा रंगराव म्हणाला, "आता जरा हयू बोल, बाप्पा. गुरं बिचकून राह्यली."

नंतर पूल झाला. पूल चांगला आहे, मित्रांनो. त्यावर माझा राग नाही. आजाऱ्याला आता कढईतून जावे लागत नाही. पण पूल झाला आणि पावसाळ्यातले माझे काम संपले. ऊस कारखान्याकडे जाऊ लागला आणि थंडीतलेही संपले. मला इथे आणून टाकले. कुणी माझ्यात कचरा जाळतो. भंगारवाला दोनदा बोटांनी वाजवून गेला आहे.

लोखंडाला आग खात नाही, वाहते पाणीही खात नाही. त्याला खाते ते साचलेले पाणी. म्हणून माझी एक विनंती आहे. तुम्ही चौघे-पाचजण मिळून मला एकदा उलटी करा. बुडाला राख लावून घासा. काम द्यायला हवे असे नाही. कोरडी ठेवलीत तरी पुष्कळ झाले.

आणि दुसरी विनंती तुमच्या वर्गासाठी आहे. कुणी नवे मूल फळ्यापुढे उभे राहील, त्याच्या घरचा एखादा शब्द तुमच्यापेक्षा वेगळा पडेल, आणि तुम्हाला हसू येईल. तेव्हा जरा थांबा. त्याचे बोलणे पुरते होऊ द्या. कुणी सांगावे, एखाद्या दिवशी तुम्ही पाण्यात असाल आणि ते काठावर उभे असेल.