पाणकावळ्याची मुलगी

आमच्या घरात कलाकार एकच, आमचे बाळराजे. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस शोधावे लागतात, तरी आई त्याला बाळच म्हणते. मी थोरली बहीण. सोफ्यांच्या आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवते, म्हणजे कलाकार नाही. पण त्याच्या प्रदर्शनातल्या त्या भल्यामोठ्या पाणकावळ्याचे पंख माझ्याच दुकानात शिवले गेले. दुहेरी मेणकापड, जाड सुई, बोटांची नुसती चाळण झाली. वर म्हणतो कसा, "ताई, टाके जरा वेडेवाकडे घाल ना, जुनं वाटायला हवं." जन्मभर सरळ टाका घालायला शिकले, ते हे ऐकायला!

पाणकावळा म्हणजे आमचे आजोबा, आईचे वडील. गोऱ्यांच्या कालवा कंपनीत ते बुडी मारायचं काम करायचे. कालव्याच्या लोखंडी दाराखाली गाळ, फांद्या, मेलेली जनावरं अडकायची. ते खाली जाऊन सगळं मोकळं करायचे. दम एवढा, की सगळे त्यांना पाणकावळाच म्हणत. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक काठावरच्या सोबत्याच्या हातात. नियम एकच होता. दोरी पाण्यात असेपर्यंत दार उघडायच्या चाकाला कुणी हात लावायचा नाही.

एकदा खालच्या अंगाला साहेबाची होडी गाळात रुतली. होडीत पाहुणे, सहलीला निघालेले. साहेब म्हणाला, दार उघडा, पाणी सोडा. सोबती ओरडला, दोरी आत आहे. साहेब म्हणाला, उघडा. आणि उघडलं.

दोरी वर आली ती रिकामी. कंपनीने सांगून टाकलं, माणूस दारू पिऊन उतरला होता. आजोबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आजीला पोरीसकट कंपनीच्या खोलीतून बाहेर काढलं. आई तेव्हा एवढीशी होती. बाबा कुठे म्हणून रडायला लागली की आजी तिला कालव्याच्या दारावर पंख पसरून बसलेला पाणकावळा दाखवायची. "तो बघ बाबा. कपडे वाळवतोय." पोरीला गप्प करायला सांगितलेली गोष्ट, पण ती चार गावांत पसरली. गोऱ्यांच्या हाती लागला नाही, पक्षी होऊन उडाला, असं लोक अजून कौतुकाने सांगतात.

आईला ती गोष्ट ऐकायलाही नको असते. "पक्षी झाला म्हटलं की संपलं," ती म्हणते. "मग दार कुणी उघडलं, हे कुणी विचारत नाही."

म्हणून बाळने ह्याच गोष्टीवर प्रदर्शन करायचं काढलं, तेव्हा तिने त्याला समोर बसवलं. "पक्षी कर, काय वाटेल ते कर. पण बाबा दारू प्यायले नव्हते आणि दोरी आत असताना दार उघडलं, हे चारचौघांत एकदा सांग. मी मरायच्या आत." बाळ म्हणाला, "तुझ्या गळ्याशपथ, आई. तूच सांग ना, तुझ्याच आवाजात." मग आमच्या स्वयंपाकघरात त्याने यंत्र मांडलं, आवाज नको म्हणून फ्रिज बंद केला, मला शिंकायचीही बंदी. आई बोलली. पहिल्यांदाच सगळं सलग बोलली. शेवटी पाणी प्यायली आणि म्हणाली, "सुटले बाई."

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी तिला धरून घेऊन गेले. दारावरच प्रायोजकाचं नाव होतं. ते वाचून माझं टाळकंच फिरलं. तीच कालवा कंपनी! नाव दोनदा बदललं, मालक बदलले, आता पाणी बाटलीत भरून विकतात, एवढंच. मी बाळला कोपऱ्यात घेतलं. "अरे, लाज कोळून प्यायलास का?"

"ताई, त्यांच्याच खर्चाने त्यांच्यावर टीका. हीच तर गंमत आहे."

मोठी गंमत. आईला मी काही बोलले नाही. तिचं सगळं लक्ष स्वतःचा आवाज कधी ऐकू येतो इकडे होतं.

दालन अंधारलेलं. मधोमध गंजक्या लोखंडाचा पाणकावळा, मी शिवलेले मेणकापडी पंख पसरून, खाली खरा गाळ, खरं शेवाळ. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मान वर करून बघत राहिले. आईला पंखाखालच्या बाकावर बसवलं. चहूबाजूंनी पाण्याचा आवाज आला आणि त्यातून तिचाच आवाज.

"बाबा पाण्यात गेले. दोरी रिकामी वर आली. त्यांचा पक्षी झाला."

मग पाणी. मग पंखांची फडफड. मग पुन्हा पहिल्यापासून, "बाबा पाण्यात गेले."

आई मान पुढे काढून थांबली होती. दुसऱ्यांदाही थांबली. तिसऱ्यांदा तिने माझा हात धरला. "पुढचं कधी लागणार?"

पुढचं मला पाठ होतं. स्वयंपाकघरात ती आजीबद्दल म्हणाली होती, "त्यांचा पक्षी झाला, असं आई सांगायची. खोटं सांगायची." इथून पुढे तर खरं बोलणं सुरू होत होतं. बाळने ते सगळंच कापलं होतं.

मी त्याला खेचून आणलं. तो आईसमोर उकिडवा बसला. "आई, पुढचं घेतलं असतं तर नुसता खटला वाटला असता गं. लोकांना थोडं मोकळं सोडावं लागतं."

"खटलाच आहे तो," आई म्हणाली. "माझ्याच तोंडून मला खोटं बोलायला लावलंस?"

"आई, इथे नको. माणसं बघतायत."

ती उठली. मी आधार द्यायला गेले तर माझा हात झटकला. आवाज "त्यांचा पक्षी झाला" पर्यंत येऊ दिला आणि मग ती स्वतः बोलली, दालनभर ऐकू जाईल असं. "पक्षी झाला नाही. बुडवलं त्यांना. दोरी पाण्यात होती आणि साहेबाने दार उघडायला लावलं, होडीसाठी. माझे बाबा दारू प्यायले नव्हते. कंपनी खोटं बोलली."

बाळचा चेहरा पांढराफटक पडला.

आणि मग टाळ्या! कडकडून टाळ्या. कुणी मोबाइल वर धरले, कुणी डोळे पुसले. गॅलरीवाल्या बाई धावत आल्या, बाळला म्हणाल्या, "हे आधी सांगितलंच नाहीत! रोज करतील का त्या? निदान सुटीच्या दिवशी तरी?" बाळच्या तोंडावर रंग परत आला. मेला म्हणतो, "बघू या. तब्येत सांभाळून."

"टाळ्या का वाजवतायत?" आईने मला विचारलं.

"त्यांना नाटक वाटलं, आई."

तेवढ्यात एक सुटाबुटातला माणूस पुढे आला. त्याने आईचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्याच्या. "आजी, काय ताकद आहे तुमच्या कल्पनेत! आमच्या कंपनीला अभिमान वाटतो."

"कुठली कंपनी?" आई माझ्याकडे वळली.

"तीच," मी म्हणाले. "कालव्याची."

आईने हात सोडवून घेतले आणि त्याच्यासमोरच आपल्या शालीला पुसले, एकेक बोट, सावकाश.

लोकांनी त्या हात पुसण्यालाही टाळ्या वाजवल्या, आणि बाळ पुढे येऊन तिच्या शेजारी उभा राहिला, टाळ्या घ्यायला कमरेत वाकून.